दोन कॉम्प्युटर जोडल्यावर मधूनच येणारी ती 'टक': आधी स्टॉपवॉच लावा, मग बफरला हात लावा

घरी दोन मशीन जोडून म्युझिक करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा त्रास कधी ना कधी होतोच. सगळं मस्त चालू असतं, दुसऱ्या मशीनवरून आवाज येत असतो, आणि मधूनच टक. मग पाच मिनिटं काही नाही, परत टक. बफर, म्हणजे आलेला आवाज वाजण्याआधी थोडा साठवून ठेवायची जागा, वाढवला की दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. माझे यात जवळपास तीन महिने गेले, म्हणून जे जे करून बघितलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय, कोणाचे तरी तीन महिने वाचले तर बरंच.

आधी माझा सेटअप सांगतो. डोंबिवलीला वन बीएचके. बेडरूममध्ये लॅपटॉप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस (म्हणजे बाहेरून लावायचं साउंड कार्ड) आणि माईक. जुना डेस्कटॉप हॉलमध्ये ठेवलाय कारण त्याच्या पंख्याची घरघर माईकमध्ये यायची, आणि त्याला ३२ जीबी रॅम असल्यामुळे स्ट्रिंग्ज, तानपुरा, स्वरमंडल अशी सगळी जड सॅम्पल लायब्ररी (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज) त्याच्यावर आहे. दोघांच्या मध्ये लॅन केबल. दोन्हीकडे रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडायचा, डेस्कटॉपवरचा आवाज त्यातल्याच रीस्ट्रीम (ReaStream) प्लगइनने लॅपटॉपवर आणायचा आणि लॅपटॉपवर गायन, हार्मोनियम, तबला रेकॉर्ड करायचं. कामं साधीच असतात, भजनाचे ट्रॅक, कोणाच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत, गणपतीच्या आधी आरत्या.

टक पहिल्यांदा पकडली ती तबला वाजवणाऱ्या मित्राने. मी आधीचे दोन महिने ढोलकीचं काम करत होतो आणि ढोलकीत असली टक कुठल्या कुठे लपून जाते. त्या दिवशी नुसता तानपुरा लावला होता, तो हेडफोन काढून म्हणाला, "अरे तुझ्या तानपुऱ्यात काहीतरी तुटतंय, ऐक परत." खरंच तुटत होतं. त्यामुळे पहिली गोष्ट हीच सांगतो, टेस्ट करायची तर ठेक्यावर करू नका, तानपुरा किंवा ऑर्गनसारखा सलग लांब सूर लावा. त्यात एवढासा तुकडा गेला तरी कानाला लगेच टोचतो.

आता मुख्य मुद्दा. टक आली की आपण सगळे काय करतो, तर बफर २५६ चा ५१२ करतो, ५१२ चा १०२४ करतो. मीही तेच केलं. हे आधी थांबवा. टक कशामुळे येते हे ती कधी येते यावरून कळतं, म्हणून आधी फक्त वेळा लिहून काढा. दुसऱ्या मशीनवर तानपुरा चालू करा, पहिल्यावर अर्धा तास रेकॉर्ड करा, बाकी कशालाही हात लावू नका, आणि मग वेव्हफॉर्म झूम करून प्रत्येक टक किती मिनिट किती सेकंदाला आहे ते वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण या अर्ध्या तासाने मला जे कळलं ते आधीच्या दोन महिन्यांत कळलं नव्हतं.

माझ्या वहीतलं पहिलं पान असं होतं: १:१२, १:१५, ४:३१, ६:४०, ६:४१, ८:५८, १३:२४, १५:०२... काही ताळमेळ दिसत नाही ना? मलाही दिसला नाही. नंतर लक्षात आलं की यात दोन वेगवेगळे आजार एकमेकांत मिसळलेत आणि मी दोघांना एकच औषध देत होतो.

पहिला आजार म्हणजे अनियमित टक, कधी लागोपाठ दोन, कधी दहा मिनिटं शांत. ही नेटवर्कची किंवा मशीनवरच्या लोडची असते. इथे सगळ्यात आधी वायफाय बंद. म्हणजे वायफायवरून आवाज पाठवणं तर बंदच, पण टेस्टच्या वेळी दोन्ही मशीनचं वायफाय कार्डसुद्धा डिसेबल करा, कारण ते मागच्या मागे नवीन नेटवर्क शोधत बसतं आणि त्याचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतो. वायफायवर इंटरनेट कितीही फास्ट असलं तरी इथे त्याचा काही उपयोग नाही, आपल्याला स्पीड नकोय, प्रत्येक पॅकेट वेळच्या वेळी पोचायला हवंय. कमांड प्रॉम्प्ट उघडून दुसऱ्या मशीनच्या पत्त्याला सतत पिंग लावून ठेवा (छोटं पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते पिंग दाखवतो) आणि दहा मिनिटं आकडे बघा. केबलवर ते एक मिलिसेकंदाच्या आतच राहायला पाहिजेत. वायफायवर तीन, चार, दोन, आणि मध्येच ऐंशी असं दिसेल, तो ऐंशी म्हणजेच तुमची टक. ४८००० सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८००० तुकडे धरले तर, २५६ चा बफर म्हणजे साधारण ५.३ मिलिसेकंद, मग ऐंशी मिलिसेकंद उशिरा आलेलं पॅकेट कुठे बसवणार?

माझ्याकडे तर केबलच होती, तरी पिंग मध्ये मध्ये उडत होता. मग सेटिंगमध्ये जाऊन इथरनेटचा लिंक स्पीड बघितला तर १०० एमबीपीएस. दोन्ही मशीनला गिगाबिट पोर्ट, केबल कॅट ६, मग १०० का? डोकं खाजवत केबल हाताने चाचपत निघालो, बेडरूमच्या दारापाशी येऊन थांबलो. केबल दाराच्या खालच्या फटीतून नेली होती, आणि पावसाळ्यात आमचं दार फुगतं, जोर लावून लोटावं लागतं. बरोब्बर त्या जागी केबल चपटी झाली होती, वरचं आवरण फाटून आतली तपकिरी जोडी दिसत होती आणि त्यातली एक तार तुटलेली. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात, त्यामुळे एक जोडी गेली की कनेक्शन बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं आणि आपल्याला वाटतं सगळं चालू आहे. म्हणून लिंक स्पीड बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका. दुसरी सोपी परीक्षा म्हणजे एक मोठी फाईल एका मशीनवरून दुसरीकडे कॉपी करा, सेकंदाला ११-१२ एमबीच्या वर जातच नसेल तर तुम्ही १०० वर अडकलेले आहात.

तसं बघितलं तर एक स्टिरिओ ट्रॅक ४८००० ला ३२ बिट फ्लोटमध्ये पाठवला तर साधारण ३ एमबीपीएस लागतात, म्हणजे १०० मध्येही पंधरा-वीस ट्रॅक आरामात जावेत. पण माझी ती लाईन तुटक्या तारेमुळे मध्येच सुटायची आणि परत जोडली जायची, आणि दार लोटलं की टक यायची. नवीन केबल आणली, यावेळी दाराच्या चौकटीवरून क्लिप मारून नेली, पिंग लगेच स्थिर झाला.

राऊटर मध्ये असेल तर तोही तपासा. काही राऊटरना चार लॅन पोर्ट असतात पण त्यातला एकच गिगाबिट असतो. शक्य असेल तर राऊटर बाजूला ठेवून दोन मशीन थेट एकमेकांना जोडा, हल्लीच्या कार्डांना वेगळी क्रॉस केबल लागत नाही, साधी चालते. दोघांना हाताने पत्ता द्या, एकाला १९२.१६८.५०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. पत्ता नाही दिला तर विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा कुठलातरी पत्ता घेतं आणि तो बदलू शकतो, मग काल चालणारं आज चालत नाही. आणि गेटवे नसलेल्या नेटवर्कला विंडोज अनोळखी समजून पब्लिक धरतं, त्यामुळे फायरवॉल येणारा आवाज दारातच अडवतो. पिंग जात नाही, आवाज येत नाही, केबल तर ठीक आहे, अशी अवस्था असेल तर दहात नऊ वेळा हेच असतं. फायरवॉल सगळी बंद करू नका, फक्त तुमच्या प्रोग्रामला पब्लिक नेटवर्कवर परवानगी द्या. रीस्ट्रीम वापरत असाल तर तो यूडीपी ५८७१० पोर्ट वापरतो, तो उघडा ठेवा, आणि पाठवताना ब्रॉडकास्ट न ठेवता समोरच्या मशीनचा पत्ता टाका. दोन्हीकडच्या प्लगइनमध्ये टाकलेलं नाव अक्षर न अक्षर सारखं पाहिजे, यातही लोक अडकतात.

मग पॉवर सेव्हिंग. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट, ग्रीन इथरनेट असल्या नावांचे पर्याय असतात ते बंद करा, आणि पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबमध्ये वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करायची जी परवानगी असते ती खूण काढा. लॅपटॉप चार्जरवर आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर. एवढं करूनही अनियमित टक राहिली तर लेटन्सीमॉन नावाचा फुकट प्रोग्राम आहे, तो दहा-पंधरा मिनिटं चालवा, कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवतोय ते तो नावासकट दाखवतो. हा दोन्ही मशीनवर चालवायचा, फक्त लॅपटॉपवर नाही.

हे सगळं झाल्यावर मी परत अर्धा तास रेकॉर्ड केलं. वहीतलं दुसरं पान: ४:२७, ८:५४, १३:२०, १७:४८, २२:१४. हे बघून मी अक्षरशः उभा राहिलो. दर साडेचार मिनिटांनी एक टक, घड्याळासारखी. आणि ती खरंच घड्याळाचीच होती.

हा दुसरा आजार, आणि बहुतेकांचा परत परत येणारा प्रॉब्लेम हाच असतो. प्रत्येक साउंड कार्डात स्वतःचा क्रिस्टल, म्हणजे कार्डाचं घड्याळ, असतो आणि तोच सेकंदाला ४८००० सॅम्पल मोजतो. दोन कार्डं म्हणजे दोन क्रिस्टल, आणि दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात, दहा लाखांत वीसचा फरक तर अगदी चांगल्या कार्डांतही निघतो. दहा लाखांत वीस म्हणजे ४८००० ला सेकंदाला जवळपास एक सॅम्पल. म्हणजे डेस्कटॉप दर सेकंदाला एक सॅम्पल जास्त पाठवतोय किंवा लॅपटॉप एक जास्त मागतोय. २५६ सॅम्पलचा बफर या हिशोबाने साधारण २६७ सेकंदांत भरून वाहतो किंवा रिकामा पडतो, म्हणजे ४ मिनिटं २७ सेकंद. वहीतले आकडे परत बघा.

आता कळेल की बफर वाढवल्यावर बरं का वाटतं. ५१२ केलं की तीच टक नऊ मिनिटांनी येते आणि १०२४ केलं की सतरा-अठरा मिनिटांनी. आपलं गाणं असतं पाच मिनिटांचं, प्रत्येक टेकला आपण स्टॉप करून परत प्ले करतो, बफर नव्याने सुरू होतो, त्यामुळे टक येतच नाही आणि आपण खूश. मग एक दिवस वीस मिनिटांचं सलग भजन रेकॉर्ड करायला बसतो, गाणारा रंगात आलेला असतो आणि नेमकी तेव्हा येते. बफरने हा आजार बरा होत नाही, फक्त तारीख पुढे ढकलली जाते. केबल बदलून, राऊटर बदलून, अगदी दहा गिगाबिटचं नेटवर्क टाकलं तरी काही फरक पडणार नाही कारण चूक नेटवर्कची नाहीच.

तुमच्याकडे आकडा वेगळा येईल, कोणाला दीड मिनिट, कोणाला बारा. मशीन तापल्यावर थोडा बदलेलही, कारण क्रिस्टलवर तापमानाचा परिणाम होतो. पण अंतर साधारण सारखं असेल आणि बफर दुप्पट केल्यावर तेही दुप्पट होत असेल तर शंका ठेवू नका, घड्याळाचाच प्रॉब्लेम आहे.

सरळ उपाय म्हणजे दोन घड्याळांतलं एक काढून टाकायचं. ते कसं, तर तीन रस्ते आहेत आणि मी तिन्ही करून बघितलेत.

मला सगळ्यात आवडलेला रस्ता म्हणजे दुसऱ्या मशीनच्या साउंड कार्डाला यातून पूर्ण बाहेर काढणं. व्हिएन्ना एन्सेम्बल प्रो आणि ऑडिओग्रिडर हे प्रोग्राम असंच काम करतात. डेस्कटॉपवर फक्त सर्व्हर चालू असतो, लॅपटॉपवरच्या रीपरमध्ये त्याचं प्लगइन टाकायचं, आणि लॅपटॉप प्रत्येक वेळी म्हणतो की मला पुढचे २५६ सॅम्पल दे, डेस्कटॉप तेवढेच बनवून पाठवतो. मागेल तेवढंच मिळत असल्यामुळे जास्तही होत नाही आणि कमीही पडत नाही, क्रिस्टल एकच, लॅपटॉपच्या इंटरफेसचा. शिवाय नेटवर्कचा जो उशीर होतो तो प्लगइन रीपरला कळवतं आणि रीपर बाकी ट्रॅक तेवढे मागे घेऊन सगळं जुळवतं, रीस्ट्रीममध्ये हे मला हाताने सरकवावं लागायचं. व्हिएन्ना विकत घ्यावं लागतं, मोठे ऑर्केस्ट्रा टेम्प्लेट असणारे बरेच जण तेच वापरतात. ऑडिओग्रिडर फुकट आणि ओपन सोर्स आहे, सर्व्हर विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतो, म्हणजे एक मशीन मॅक आणि एक विंडोज असं असलं तरी चालेल. मी आता ऑडिओग्रिडरवर आहे. त्यात एक-दोन ब्लॉकचा जास्तीचा बफर द्यायची सोय आहे, मिक्स करताना तो ठेवा, पण कीबोर्डवर लाइव्ह वाजवताना कमी करा, नाहीतर बोट आणि सूर यात अंतर जाणवतं.

दुसरा रस्ता ऑप्टिकल केबल. बऱ्याच डेस्कटॉपच्या मदरबोर्डला मागे ऑप्टिकल आउट असतो आणि इंटरफेसला ऑप्टिकल इन असेल तर ती जोडा. इंटरफेसच्या कंट्रोल पॅनलमध्ये क्लॉक सोर्स इंटर्नलवरून काढून एसपीडीआयएफवर करायचा, हे विसरलात तर केबल जोडूनही दोन घड्याळं तशीच राहतात आणि टकटक सुरूच. काही इंटरफेसवर तोच पोर्ट एडॅट आणि एसपीडीआयएफ या डिजिटल आवाजाच्या दोन्ही प्रकारांसाठी असतो, तिथेही योग्य पर्याय निवडायला लागतो. या पद्धतीत घड्याळ डेस्कटॉपचं चालतं, लॅपटॉप त्याच्या मागे जातो. एक काळजी घ्या, दोन्हीकडे सॅम्पल रेट सारखा ठेवा. माझ्याकडे डेस्कटॉप ४४१०० वर राहिला होता आणि रीपरचं प्रोजेक्ट ४८००० चं. रेकॉर्ड करताना सगळं बरोबर ऐकू आलं, नंतर केबल काढून इंटरफेस स्वतःच्या घड्याळावर आणून ऐकलं तर काळी एकचा तानपुरा पांढरी दोनच्याही वर चढून काळी दोनच्या खाली कुठेतरी लटकत होता. जवळजवळ दीड सेमीटोन, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून पियानोवरच्या दीड पट्ट्या. त्या दिवशीचं सगळं गायन परत घ्यावं लागलं, गायलेल्या काकूंनी काही न बोलता परत गायलं हे त्यांचे उपकार.

तिसरा रस्ता अगदी साधा आहे आणि पैसे लागत नाहीत. लाइव्ह आवाज हवाच कशाला हे एकदा स्वतःला विचारा. स्ट्रिंग्ज पक्क्या झाल्या की डेस्कटॉपवरच वेव्ह फाईल रेंडर करा, शेअर केलेल्या फोल्डरमधून लॅपटॉपवर ओढा आणि ट्रॅकवर ठेवा. फाईल एकाच कार्डावर वाजते, दोन घड्याळांचा प्रश्नच नाही. कोणाचं गायन घ्यायचं असेल त्या दिवशी मी अजूनही हेच करतो, ऑडिओग्रिडर असूनसुद्धा. समोर माणूस गायला बसलेला असताना हॉलमधल्या मशीनवर अवलंबून राहायचं नाही.

ज्यांना आवाज पाठवायचाच नाहीये, फक्त दोन मशीनचा ताल जुळवायचाय, म्हणजे एकावर बीट आणि दुसऱ्यावर मित्र सिंथ वाजवतोय, त्यांनी या सगळ्यात पडू नका. दोन्ही प्रोग्राममध्ये एबलटन लिंक असेल तर ते चालू करा, एकाच नेटवर्कवर असले की टेम्पो आणि मात्रा आपोआप जुळते. तिथे वायफायही बऱ्यापैकी चालतं. मिडी (वाद्यं आणि प्रोग्राम एकमेकांना आवाज न पाठवता फक्त इशारे पाठवतात ती पद्धत) क्लॉकने पण होतं, त्यात एका मात्रेला २४ टिकटिक जातात, पण प्रत्येक टिक थोडी पुढेमागे होते आणि डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) लावलेल्या आवाजात ते डळमळणं ऐकू येतं. नोट्स पाठवायच्या असतील तर मॅकमध्ये नेटवर्क मिडी आधीपासून असतं, विंडोजवर आरटीपीमिडी टाकावं लागतं, आणि तिथेही फायरवॉलमध्ये यूडीपी ५००४ आणि ५००५ हे पोर्ट उघडायला लागतात.

आता गुणगुण, कारण टक गेली की हिच्याकडे लक्ष जातं. एका मशीनच्या हेडफोन आउटमधून साध्या ऑडिओ वायरने दुसऱ्याच्या लाईन इनमध्ये आवाज नेत असाल आणि मागे सतत गूं येत असेल, किंवा माऊस हलवला की किरकिर होत असेल, तर ते ग्राउंड लूप, म्हणजे वायर आणि दोन्हीकडचं अर्थिंग मिळून बनलेलं वर्तुळ. दोन्ही मशीन वेगवेगळ्या भिंतींच्या सॉकेटवर असली की बऱ्याचदा होतं. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर ऐका, गूं गेली तर निदान पक्कं. मग दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तरी राहिली तर मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर किंवा डीआय बॉक्स टाका, नाहीतर ऑप्टिकल वापरा, ऑप्टिकलमधून वीज जातच नाही त्यामुळे लूप बनत नाही. साध्या लॅन केबलच्या पोर्टमध्येही दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात म्हणून तिच्यातून गूं येत नाही, पण शील्ड असलेली केबल घेतली तर तिचं शील्ड दोन्ही मशीनचं ग्राउंड जोडून देऊ शकतं, घरात साधी यूटीपी, म्हणजे शील्ड नसलेलीच घ्या.

आणि हात जोडून सांगतो, गूं घालवायला प्लगची अर्थिंगची जाड पिन काढू नका, तिला टेपही लावू नका. बरेच जण हा उपाय सांगतात आणि गूं खरंच जातेही, पण मग मशीनच्या धातूच्या बॉडीत करंट उतरला तर त्याला जायला तुमच्याशिवाय रस्ता उरत नाही, आणि समोर माईक हातात धरून कोणीतरी गात असतं. आमच्या इमारतीत हॉलच्या सॉकेटला अर्थिंगची वायर जोडलेलीच नव्हती, इलेक्ट्रिशियनने टेस्टर लावून दाखवलं. अर्ध्या दिवसाचं काम होतं, ते करून घेतलं आणि उरलेली गूं तिथेच गेली.

कालच परत चाळीस मिनिटं तानपुरा लावून रेकॉर्ड केलं, दार दोन-तीनदा मुद्दाम आपटलं, वेव्हफॉर्म शेवटपर्यंत झूम करून बघितली. वहीतलं पान कोरं राहिलं.